शेपूट आत येईपर्यंत: उंबरखिंडीच्या लढाईचा अभ्यास

लोणावळ्याजवळच्या कुरवंड्याहून घाट उतरायला लागण्याआधी आमच्या वाटाड्यानं एकच गोष्ट विचारली. "दादा, पाणी किती घेतलंय?" आम्ही अकरा जण होतो, माघ महिना होता, आणि माणशी दोन लिटर पाणी होतं. त्यानं मान हलवली आणि सांगितलं, जपून प्या, आता नदीपर्यंत काही मिळायचं नाही. मग तो पुढे निघाला आणि आम्ही त्याच्यामागे एकामागोमाग एक, कारण दोघांनी शेजारी चालावं एवढी ती वाटच नव्हती.

याच घाटाच्या पायथ्याशी, अंबा नदीच्या खोऱ्यात, शके १५८२ च्या माघ शुद्ध चतुर्दशीला, म्हणजे २ फेब्रुवारी १६६१ रोजी, शाएस्तेखानानं पाठवलेली एक मोठी मुघल फौज काही तासांत शरण आली. सरदार होता कारतलबखान उझबेग. समोर शिवाजी महाराज होते, वय एकतीस पूर्ण व्हायला दोन आठवडे बाकी. लढाईला नाव पडलं उंबरखिंडीची लढाई. गनिमी काव्याचं नाव निघालं की प्रतापगड आणि पावनखिंड पहिल्यांदा आठवतात, उंबरखिंड बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या ओळीत येते. मला ती पहिल्या ओळीत हवी आहे. प्रतापगडावर एका भेटीनं सगळं फिरलं, पावनखिंडीत बाजीप्रभूंच्या बलिदानानं वेळ मिळाला. उंबरखिंडीत असा एकही नाट्यमय क्षण नाही. तिथे आहे ती नुसती मोजदाद आणि वाट पाहणं. म्हणूनच तिचा अभ्यास करता येतो.

आधी काय घडलं होतं

१६६० हे साल स्वराज्यासाठी फार वाईट होतं. अफजलखानाच्या वधानंतर महाराजांनी पन्हाळ्यापर्यंत मजल मारली होती, पण मार्चपासून सिद्दी जौहरानं त्यांना तिथेच कोंडून धरलं. त्याच सुमारास औरंगजेबाचा मामा शाएस्तेखान दख्खनचा सुभेदार म्हणून औरंगाबादेहून निघाला आणि मे १६६० मध्ये पुण्यात येऊन बसला. एकाच वेळी दोन बाजूंनी दोन मोठ्या फौजा. जुलैमध्ये महाराज पन्हाळ्यावरून निसटले, विशाळगडाला पोहोचले, आणि पुढे पन्हाळा आदिलशाहीला देऊन एक आघाडी मिटवावी लागली.

शाएस्तेखानाकडे माणसं, पैसा, तोफा, कशाचीच कमी नव्हती. तरी चाकणच्या किल्ल्यानं त्याला जवळजवळ दोन महिने अडवलं. चाकण म्हणजे भुईकोट, डोंगरावरचा गडसुद्धा नव्हे. फिरंगोजी नरसाळ्यांनी तो ऑगस्टपर्यंत लढवला, आणि सुरुंगानं बुरूज उडाल्यावरच तो पडला. खानानं यातून धडा घेतला. सपाटीवरचा एक किल्ला एवढा महाग पडत असेल, तर सह्याद्रीतले गड एकेक करून घ्यायला किती वर्षं लागतील? त्यानं गडांचा नाद सोडला आणि नजर कोकणाकडे वळवली. कल्याण, भिवंडी, पनवेल, चौल, नागोठणे ही सगळी व्यापारी, श्रीमंत, उघडी ठिकाणं. ती घेतली की स्वराज्याचा पैसा आटतो. हा विचार मूर्खपणाचा अजिबात नव्हता. कारतलबखानाला मूर्ख ठरवून उंबरखिंड सांगायची आपल्याकडे एक सवय पडली आहे, तिनं महाराजांचंच कर्तृत्व लहान होतं.

कारतलबखानानं हीच वाट का धरली

पुण्याहून उत्तर कोकणात उतरायची सरळ वाट बोरघाटाची. सरळ, म्हणून सगळ्यांना माहीत, आणि म्हणून तिथे अडवलं जाण्याची भीती. कारतलबखानानं बोरघाट टाळला. लोहगड-विसापूरच्या परिसरातून, तुंगारण्य म्हटल्या जाणाऱ्या दाट रानातून जाऊन त्यानं कुरवंड्याचा घाट धरला. हा घाट आजच्या लोणावळ्याच्या अगदी जवळ, नागफणीच्या कड्याजवळून सुटतो आणि खाली खालापूर तालुक्यातल्या चावणी गावाकडे उतरतो. आडबाजूची वाट, नजरेत न येणारी, उतरलं की थेट कोकणात. कागदावर हा बेत चांगला दिसतो.

या बेतातला एक दोष मला खटकतो. लोहगड तेव्हा मराठ्यांकडे होता. आसपासचे गडही स्वराज्यातच होते. लोहगडाच्या माथ्यावर उभं राहिलेल्या कुणालाही खालच्या मावळातून उडणारी धूळ दिसते. हजारो माणसं आणि जनावरं चालतात तेव्हा दिवसा धूळ उडते, रात्री शेकोट्या पेटतात. तेव्हा ही फौज कुणाला दिसली नसेल हे शक्यच नाही. चोरवाट धरून चोरी लपते ती चार माणसांची. एवढ्या मोठ्या फौजेनं आडवाट धरली, तर तिला अडचणी आडवाटेच्या सोसाव्या लागतात आणि गुप्तता मात्र मिळत नाही.

खानाबरोबर कोण कोण होतं याची यादी कवींद्र परमानंदांच्या शिवभारतात आहे. हा संस्कृत ग्रंथ महाराजांच्याच काळातला, आणि या लढाईचं सर्वांत सविस्तर वर्णन त्यातच सापडतं. त्या यादीत कच्छप, चव्हाण, अमरसिंह, मित्रसेन आहेत, आणि गाढे, कोकाटे, जाधव ही आपली आडनावंही आहेत. माहूरच्या उदाराम घराण्यातल्या सावित्रीबाई आहेत, ज्यांना रायबागन, म्हणजे शाही वाघीण, असा किताब होता.

ही यादी मी मुद्दाम देतो आहे. 'परक्यांना सह्याद्री कळला नाही म्हणून ते हरले' असं एक सोपं उत्तर नेहमी दिलं जातं. पण खानाच्या फौजेत मराठी बोलणारे, याच मातीतले, पिढ्यान्‌पिढ्या लढाया पाहिलेले लोक होते. मग त्यांना का कळलं नाही? कारण डोंगराची ओळख भाषेबरोबर किंवा जातीबरोबर येत नाही. ती खोऱ्याखोऱ्यापुरती असते. माहूरलाही डोंगर आहे, दाट जंगल आहे. पण तिथल्या माणसाला कुरवंड्याच्या घाटात कुठलं झाड कोसळून वाट अडते, कुठल्या वळणानंतर आवाज पोहोचत नाही, माघात कुठली पाणवठ्याची जागा आटते, हे कसं कळणार? देशावरच्या माणसाला मावळ परका, आणि मावळातल्यालाही एक डोंगर ओलांडला की पुढचं खोरं परकं. आमचा वाटाडा चावणीच्या बाजूचा होता. शेजारच्या घाटाबद्दल विचारलं तर म्हणाला, तिकडचं तिकडच्यांना विचारा.

वाटेचं गणित

आता त्या घाटाकडे जवळून पाहू. लोणावळ्याचं पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचावर आहे, आणि खाली अंबेचं खोरं कोकणच्या पातळीला. म्हणजे थोड्या अंतरात पाचशे मीटरहून जास्त उतार. वाट पायवाटेचीच. घोडेस्वाराला खाली उतरून घोडा लगामानं धरून न्यावा लागतो. उतारावर घोड्याचा पुढचा पाय घसरतो, तो बिचकतो, थांबतो, आणि तो थांबला की मागचे सगळे थांबतात.

आम्ही अकरा जण होतो, पाठीवर हलकी पिशवी, पायात चांगले बूट, मागे कुणी लागलेलं नाही. पहिला माणूस नदीवर पोहोचला तेव्हा मी घड्याळ पाहिलं. शेवटचा पोहोचला त्यानंतर सत्तावीस मिनिटांनी. अकरा माणसांची ही गोष्ट.

कारतलबखानाच्या फौजेचे आकडे लोक वीस हजार, तीस हजार असे सांगतात. ते बाजूला ठेवू आणि फक्त पाच हजार माणसं धरू. एका रांगेत, दोन माणसांत दीड मीटर अंतर, तर रांग होते साडेसात किलोमीटर लांब. घोडे, ओझ्याचे बैल आणि बाजारबुणगे अजून मोजलेच नाहीत. एका ठिकाणावरून मिनिटाला वीस माणसं पुढे सरकली, म्हणजे फारच चांगला वेग, तरी पाच हजार माणसं जायला चार तासांहून जास्त लागतात. म्हणजे डोकं खाली खोऱ्यात असताना शेपूट वर पठारावरच असणार. मधल्या माणसाला ना पुढचं दिसतं ना मागचं. सरदारानं हुकूम दिला तर तो तोंडातोंडी किती लांब जाईल? फौज तीच, पण आता ती फौज राहिली नाही. एकामागे एक उभ्या असलेल्या एकट्या माणसांची ती माळ झाली.

पाण्याचंही तसंच. घोड्याला दिवसाला साधारण तीस लिटर पाणी लागतं. हजार घोडे म्हणजे तीस हजार लिटर. घाटात ते मिळत नाही. ते मिळतं खाली अंबेच्या डोहांत, आणि तिथपर्यंत पोहोचेस्तोवर ऊन वर आलेलं असतं, खोऱ्यात वारा पडलेला असतो आणि तापलेल्या कातळाची धग अंगावर येत असते. शिवभारतातलं वर्णनही हेच सांगतं, की रानात शिरलेल्या त्या फौजेला वारा नव्हता, पाणी नव्हतं, माणसं तहानेनं व्याकुळ झाली होती. घाट उतरून आलेला प्रत्येक माणूस आणि प्रत्येक जनावर पाण्याकडे धावणार, तिथे गर्दी होणार, आणि मागून येणाऱ्यांचा रेटा थांबणार नाही.

थांबणं

दबा धरणाऱ्याला सगळ्यात अवघड काम कुठलं, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, पहिली गोळी न झाडणं.

कल्पना करा. तुम्ही कारवीच्या जाळीत, मोठ्या धोंड्याआड बसला आहात. खालून शत्रूची आघाडी जाते आहे. पन्नास माणसं गेली, शंभर गेली, पाचशे गेली. त्यांचं बोलणं ऐकू येतं. घोड्याच्या घामाचा वास येतो. हात शिवशिवतात. मनात भीती असते की आता कुणीतरी वर बघेल आणि सगळं संपेल. आत्ता झाडली तर एक माणूस नक्की पडेल. पण आत्ता झाडली तर आघाडीची पाचशे माणसं कापली जातील आणि वर उरलेली हजारो सावध होऊन मागे फिरतील, किंवा बाजूच्या घाटानं उतरून उलट पाठीवर येतील. म्हणून बसायचं. शेवटचा माणूस, शेवटचा बैल रानात शिरेपर्यंत बसायचं. शिवभारतात महाराजांनी हेच केल्याचं दिसतं: सगळी फौज त्या अडचणीत पूर्ण शिरू दिली, आणि मगच रणवाद्यं वाजली.

माघात हे किती कठीण असतं ते त्या रानात बसल्याशिवाय कळणार नाही. पावसाळ्यात रान मऊ असतं, पावसाच्या आवाजात सगळं बुडून जातं. माघात पाचोळा इतका वाळलेला असतो की सरडा गेला तरी खडखडतो. मी एका वळणावर वाटेपासून वीस-पंचवीस पावलं वर चढून एका धोंड्यामागे बसून पाहिलं. बरोबरच्यांना सांगितलं होतं की तुम्ही पुढे जा. ते खालून गेले तेव्हा मला त्यांचा शब्दन्‌शब्द ऐकू येत होता, पण माणूस एकही दिसत नव्हता. त्यांनाही मी दिसलो नाही. पण मी फक्त मांडी बदलली आणि खालून लगेच प्रश्न आला, "काय पडलं रे?" एक मांडी बदलली, एवढंच.

आणि वानरं असतात. माणूस चढून आला की ती खकारतात, फांद्या हलवतात, आणि रानाची सवय असलेल्या कुणालाही त्यावरून कळतं की वर काहीतरी आहे. त्यावर उपाय एकच. खूप आधी येऊन बसायचं, इतकं आधी की रान पुन्हा शांत होईल, पक्षी पुन्हा बोलायला लागतील. म्हणजे खबर वेळेवर हवी, जागा आधीच वाटून दिलेल्या हव्यात, आणि आपलं पाणी आपल्याबरोबर हवं.

बंदुकीचीही एक अडचण आहे, ती फारशी कुणी सांगत नाही. तेव्हाची बंदूक तोड्याची. दारू पेटवायला धुमसता दोर लागतो. तो पेटवून ठेवला तर धूर आणि वास येतो, विझवून ठेवला तर ऐनवेळी पुन्हा पेटवायला वेळ जातो. शेकडो तोडे धुमसत असलेलं रान खालच्या माणसाच्या नाकाला कळणारच. म्हणून मला वाटतं की पहिला मारा बाण आणि धोंड्यांचा असणार आणि बंदुका त्यामागून. हा माझा तर्क आहे. पण बाण, गोळ्या आणि दगड या तिन्हींचा मारा झाला हे मात्र नक्की. धोंड्याला दारू लागत नाही, नेम लागत नाही, आणि उतारावर तो सोडणाऱ्याच्या ताकदीनं नाही, डोंगराच्या ताकदीनं खाली येतो.

एवढी शिस्त त्या माणसांकडे कुठून आली? पंधरा महिन्यांपूर्वी, नोव्हेंबर १६५९ मध्ये, याच पद्धतीनं जावळीच्या रानात अफजलखानाची फौज उधळली होती. तिथेही इशारा होईपर्यंत लपून राहायचं होतं. जावळीत शिकलेलं उंबरखिंडीत कामी आलं, असं मी मानतो. पण शिस्तीचं दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. इशारा देणारा माणूस स्वतः तिथे होता. महाराज राजगडावर बसून निकालाची वाट पाहत नव्हते, ते घोड्यावर बसून खिंडीच्या तोंडाशी होते. राजा त्याच उन्हात बसला असेल तर मावळ्यालाही बसवतं.

लढाई आणि रायबागन

प्रत्यक्ष लढाईबद्दल लिहिण्यासारखं कमी आहे, कारण ती सुरू होण्याआधीच बरंचसं ठरलं होतं. पुढून वाट बंद, मागे फिरावं तर आपलीच माणसं वाटेत, दोन्ही बाजूंना चढ. घोडदळ हे मुघल फौजेचं बळ, आणि या जागी घोडा म्हणजे ओझं. मित्रसेन आणि इतर काही सरदारांनी हिमतीनं तोंड दिलं. त्यांच्या शौर्याबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. पण वर चढून लपलेल्या माणसाशी लढायचं कसं? त्याला बघायचं तर वर बघावं लागतं, आणि पाय ठेवायला खाली बघावं लागतं.

या प्रसंगात मला सर्वांत आदर वाटतो तो रायबागनबद्दल. त्या शत्रूच्या बाजूनं होत्या, पण परिस्थिती त्यांच्याइतकी स्पष्ट कुणालाच दिसली नाही. वर्णन असं आहे की त्यांनी कारतलबखानाला सरळ सुनावलं: सिंह राहतो त्या रानात तू शिरलास हेच चुकलं, आता आंधळ्यासारखं धडकत राहून एवढी माणसं मारू नकोस, शरण जा. भर लढाईत आपल्या सेनापतीला हे सांगायला फार मोठं धैर्य लागतं. खानानं ऐकलं, हेही त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. त्यानं दूत पाठवला आणि अभय मागितलं.

महाराजांनी अभय दिलं. अट एकच होती: सगळं सामान, शस्त्रं, घोडे, खजिना तिथेच ठेवायचा आणि माणसांनी जीव घेऊन निघून जायचं.

हे औदार्य होतं यात मला शंका नाही, पण त्यात हिशेबही पक्का होता. कोंडलेल्या हजारो माणसांना जगायची आशाच उरली नाही तर ती जिवावर उदार होऊन लढतात, आणि मग थोड्या मावळ्यांचं नुकसान भरून निघणारं नसतं. शिवाय शाएस्तेखानाची मुख्य फौज पुण्यात बसलेली होती. इथे दोन दिवस घालवले असते तर मदत येऊ शकली असती. कैदी ठेवले तर त्यांना खायला कोण घालणार, राखणार कोण? त्यापेक्षा त्यांना मोकळं सोडलं की प्रत्येक जण छावणीत जाऊन रानाची हकिगत सांगतो, आणि ती ऐकलेला पुढचा सरदार घाट उतरण्याआधी दहादा विचार करतो. माघ शुद्ध चतुर्दशी होती, चंद्र जवळजवळ पूर्ण होता. हात रिकामे झालेली ती माणसं त्या रात्री निदान चांदण्यात चालली असतील.

या विजयानं काय मिळालं, काय नाही

महाराज तिथे रेंगाळले नाहीत. मुघलांवर नजर ठेवायला नेताजी पालकरांना मागे ठेवलं आणि स्वतः दक्षिण कोकणात निघाले. दाभोळ, चिपळूण, संगमेश्वर, राजापूर, आणि एप्रिलअखेर शृंगारपूर. राजापुरात इंग्रजांची वखार लुटली, कारण याच इंग्रजांनी पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहराला तोफांची मदत केली होती. म्हणजे उंबरखिंडीनं महाराजांना तीन महिन्यांची मोकळी पाठ दिली, आणि त्यांनी त्यातला एक दिवसही वाया घालवला नाही. लढाईचा खरा नफा मला इथे दिसतो, लुटीच्या ढिगात नाही.

पण जे मिळालं नाही तेही लिहिलं पाहिजे. मे १६६१ मध्ये, म्हणजे चारच महिन्यांत, मुघलांनी कल्याण घेतलंच. शाएस्तेखान पुण्यातून हलला नाही. एप्रिल १६६३ मध्ये लाल महालात महाराज स्वतः शिरले आणि खानाची बोटं तुटली, तेव्हा कुठे तो गेला. एक फौज नाहीशी झाली तरी दिल्लीकडे दुसरी होती, तिसरीही होती. असल्या युद्धात दुबळ्याला प्रत्येक वेळी जिंकावं लागतं, आणि बलाढ्याला फक्त टिकून राहावं लागतं. अभिमानानं उंबरखिंड सांगणाऱ्यांनी कल्याणही सांगावं, असं मला मनापासून वाटतं. ते सांगितलं की मावळ्यांनी किती वर्षं, किती थकव्यात हे ओढून नेलं ते कळतं.

दुसरी मर्यादा आणखी खोल आहे. उंबरखिंड घडायला शत्रूनं खिंडीत यावं लागतं. तो आलाच नाही तर? १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंग आले तेव्हा नेमकं हेच झालं. त्यांनी सासवडच्या बाजूला तळ टाकला, पुरंदराला वेढा घातला. एप्रिलमध्ये वज्रगड पडला, पुढे मुरारबाजी देशपांडे कामी आले. त्याच वेळी दाऊदखानासारख्या सरदारांच्या तुकड्या राजगड, सिंहगड, रोहिड्याच्या पायथ्याच्या गावांत पाठवून पिकं आणि घरं जाळायला लावली. मावळा डोंगरात नाहीसा होऊ शकतो. त्याचं गाव होऊ शकत नाही, त्याची म्हातारी आई आणि दावणीची गाय होऊ शकत नाही. गनिमी काव्याची सगळी ताकद हलतं राहण्यात असते, आणि जयसिंगांनी बोट ठेवलं ते न हलणाऱ्या गोष्टींवर. जूनमध्ये पुरंदरचा तह झाला. तेवीस किल्ले गेले, बारा उरले. गेलेल्यांत लोहगडही होता, जिथून चार वर्षांपूर्वी कारतलबखानाची धूळ दिसली असणार.

आज चावणीजवळ अंबेच्या पात्रात गोल गोट्यांनी बांधलेला विजयस्तंभ उभा आहे, खोपोली-पाली रस्त्यावरून शेमडीमार्गे तिथे जाता येतं. ही नदी लहान दिसते, पण जुलै १९८९ मध्ये तिलाच पूर आला आणि खालचं जांभूळपाडा वाहून गेलं होतं. खोरं किती अरुंद आहे आणि आजूबाजूच्या डोंगरावरचं सगळं किती वेगानं खाली येतं, हे त्या गावानं फार मोठी किंमत देऊन पाहिलं. आम्ही स्तंभापाशी बसलो होतो तेव्हा वाटाडा पाण्याजवळ उभा राहून वर घाटाकडे बघत बोटांवर माणसं मोजत होता. अकरावा दिसेपर्यंत तो बसला नाही.

मी वर पाहिलं, तर वाट कुठे आहे तेच दिसेना. नुसतं रान होतं. कारतलबखानाला वरच्या कड्यावरूनही असंच रान दिसलं असणार. त्यानं ते पार करायची एक अडचण म्हणून पाहिलं आणि उतरला. जयसिंगांनीही तोच सह्याद्री पाहिला होता. त्यांनी आपली मुख्य फौज घाटाखाली उतरवलीच नाही.